आल्या चाकोरीनं

चपला घालता घालता भाची म्हणाली, "मामा, मस्त झालं आज. पण एक सांगू? मी तीन तास नुसती आत बसून होते." एवढंच. सुरात तक्रार नव्हती. हसतच म्हणाली आणि लिफ्टची वाट न बघता धडधडत जिना उतरून गेली. मी दार लावलं, फासे डब्यात भरले, शेंगांची फोलपटं गोळा केली, परातीत वाळत चाललेला कणकेचा गोळा खरवडून काढला. ते वाक्य मात्र काही निघेना. रात्री दात घासताना होतं, सोमवारी सकाळी चांदणी चौकात गाड्यांच्या रांगेत होतं, बुधवारी दुपारी कँटीनमध्ये वरणात चमचा फिरवतानाही होतं. तीन तास नुसती आत बसून होते.

आत म्हणजे रणगाड्यात.

महिन्यातले दोन रविवार आमच्या कोथरूडच्या घरी पाच जण जमतात. एक बँकेतला, एक दातांची डॉक्टर, एक आर्किटेक्ट, शाळेत संस्कृत शिकवणारे एक सर आणि इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेली माझी भाची. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, मी प्रसंग मांडायचा, त्यांनी आपापल्या पात्राच्या तोंडून काय करणार ते बोलायचं आणि जिथे नशिबाचा भाग येईल तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. याला रोलप्लेइंग म्हणतात आणि प्रसंग मांडणाऱ्याला गेम मास्टर. मला आपला सूत्रधार हा शब्द आवडतो, त्यात नाटकही आहे आणि दोरीही आहे. बाकीचे लोक या खेळात राक्षस मारतात, खजिने लुटतात. आम्ही दोन वर्षांपासून फौजी मोहिमा खेळतो. का, ते मला नीट सांगता येत नाही. आठवडाभर हिंजवडीत बसून दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणाऱ्या माणसाला रविवारी हाताला काहीतरी वजनदार लागतं, असं बायकोचं मत आहे. तर या वेळी वजन होतं चाळीस टन.

प्रसंग मी तीन आठवडे खपून लिहिला होता. नाव न दिलेली नदी, ऐन पावसाळा. काठच्या काळ्या मातीत एक रणगाडा पोटापर्यंत रुतलाय. वरच्या धरणातून पाणी सोडलंय आणि ते दीड तासात इथवर येणार. (क्युसेक म्हणजे काय हे पुणेकर खेळाडूंना समजावून सांगावं लागत नाही, तेवढा एक परिच्छेद वाचला.) पलीकडच्या टेकाडावर शत्रूची टेहळणी तुकडी असेल किंवा नसेल. गाडी काढायला रिकव्हरीचं वाहन आलंय, म्हणजे तोफ नसलेला आणि विंच, म्हणजे दोर गुंडाळत ओढणारं यंत्र, असलेला दुसरा रणगाडाच म्हणा. बँकवाला कमांडर, सर वायरलेसवर, आर्किटेक्ट रिकव्हरीची प्रमुख, डॉक्टर तिची मेकॅनिक, भाची रुतलेल्या गाडीची ड्रायव्हर. पाणी मोजायला मी कागदावर सहा चौकटी आखल्या, दर पंधरा मिनिटांनी एक निळी करायची. काडेपेटीचा रणगाडा केला, काडीची तोफ लावली आणि परातीतल्या सैलसर कणकेत तो दाबून बसवला. बाबा आतल्या खोलीतून येऊन हे सगळं बघून गेले. "चार पोळ्यांपुरती तरी ठेवा," म्हणाले.

खेळ रंगला, यात वाद नाही. गाडी सोडून द्यावी, पेटवून द्यावी की काढावी यावर कमांडर आणि आर्किटेक्ट इतके भांडले की चहा दोनदा गार झाला. सरांनी वायरलेसवर इतक्या शुद्ध भाषेत मदत मागितली की पलीकडच्याला ती कळली नाही असं मला ठरवावंच लागलं. डॉक्टरनं वायर रोपचं शॅकल अडकवताना रूट कॅनॉलच्या वेळी धरतात तसा श्वास धरला. आर्किटेक्टनं गाडी पुढच्या बाजूनं, म्हणजे आपल्या काठाकडे ओढायचं ठरवलं, नकाशावर तेच जवळ दिसत होतं. पाचवी चौकट निळी झाली, सहाव्या चौकटीला तिनं फासा टाकला आणि वीस पडले. काडेपेटी कणकेतून पुकदिशी बाहेर आली. टाळ्या, आरडाओरडा, खालच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन. या सगळ्यात ड्रायव्हरला मी सुरुवातीला सांगितलं होतं, तू आत आहेस, इंजिन चालू आहे. शेवटी सांगितलं, तू बाहेर आलीस. मधे एकदा तिनं विचारलं होतं, "मी काय करू?" आणि मी म्हटलं होतं, "तू थांब, सांगतो." हे मला बुधवारी, त्या वरणाच्या वाटीपाशी आठवलं. सांगतो म्हटलं आणि सांगितलं नाही.

खरं तर नदीकाठ ही माझी तिसरी जागा. पहिल्यांदा मी वाळवंट घेतलं होतं, कारण रुतलेले रणगाडे म्हटलं की आपल्याकडे कुणालाही लोंगेवाला आठवतं. ५ डिसेंबर १९७१ ची सकाळ, वाळूत फसलेले पाकिस्तानी रणगाडे आणि जैसलमेरहून उडालेली हंटर विमानं. पण तिथे सुटकेचा खेळ होईना. उघड्या वाळूत थांबलेला रणगाडा म्हणजे विमानापुढे वाढलेलं ताट, त्याला कोण आणि कधी ओढून काढणार? मग दुसरी जागा, उसाचं शेत. सप्टेंबर १९६५, खेमकरणजवळचं असल उत्तर. आपल्या लोकांनी शेतांत पाणी सोडलं, ऊस पुरुषभर उभा होता आणि आत शिरलेले पाकिस्तानी पॅटन रणगाडे चिखलात बसले. पुढे तिथे भिखीविंडजवळ जमा केलेल्या त्या रणगाड्यांच्या रांगांना लोक पॅटननगरच म्हणायला लागले. हे लिहिताना माझं पेन अडलं ते एका भलत्याच गोष्टीपाशी. ऊस आणि पाणी मला कळतं. माझ्या आजोळी पाट फोडल्यावर सरीत पाय घातला की चप्पल आत राहायची आणि पाय तेवढा वर यायचा. असल उत्तरची गोष्ट शाळेत ऐकताना मी कायम पाणी सोडणाऱ्याच्या बाजूला असायचो. रुतलेल्या गाडीच्या आत बसलेला माणूस, उसाची पाती आणि वर चढणारं पाणी बघणारा, तो तोवर कधी डोक्यातच आला नव्हता. तो आला आणि मग त्या शेतात मला खेळता येईना. म्हणून निनावी नदी, निनावी युद्ध. सोय केली झालं.

बसंतरच्या लढाईला तर मी हातच लावला नाही. १६ डिसेंबर १९७१, शकरगडची आघाडी, पूना हॉर्स या रणगाड्यांच्या रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल. पुण्यात जन्मलेले, वय २१. पेटलेला रणगाडा सोडून बाहेर ये असा वायरलेसवर हुकूम होता आणि त्यांनी तो मानला नाही, कारण तोफ अजून चालत होती. त्यांचा तो फामागुस्ता नावाचा सेंच्युरियन रणगाडा नगरला जपून ठेवलाय. काही गोष्टींवर फासा टाकायचा नसतो, एवढं मलाही समजतं. पण त्या आठवड्यात मी पुन्हा वाचत बसलो तेव्हा प्रथमच लक्ष गेलं की सेंच्युरियनमध्ये चार माणसं असतात, आणि त्या गाडीच्या ड्रायव्हरचं नाव सवार प्रयाग सिंग होतं. किती वेळा ती हकिगत वाचली, सांगितली, दर सोळा डिसेंबरला पुढे पाठवली. हे नाव माझ्या तोंडून कधी गेलं नव्हतं.

भाची सातवीत असताना तिला नगरचं रणगाड्यांचं संग्रहालय दाखवायला नेलं होतं. मे महिना. ती एका पॅटनला हात लावायला गेली आणि चटका बसून मागे सरली. सगळी मुलं तोफेच्या नळीकडे बघत होती. ही मात्र पुढच्या बाजूची ड्रायव्हरची झडप बघून म्हणाली, "एवढ्याशातून आत कसं जातात?" मी म्हटलं, जातात. "आणि बाहेर?" मी म्हटलं, चल, तिकडे उसाचा रस आहे.

खेळाच्या नियमांचाही मी थोडा अभ्यास केला होता. प्रशियाच्या फौजेत १८२४ साली राइस्वित्झ नावाच्या लेफ्टनंटनं नकाशा, ठोकळे आणि फासे घेऊन युद्धाचा खेळ बसवला. पुढे त्याचे नियम आणि तक्ते इतके वाढले की अधिकारी कंटाळले, आणि १८७६ मध्ये व्हेर्डी द्यू व्हेर्न्वा यांनी सांगितलं की तक्ते बाजूला ठेवा, पंचाच्या अनुभवावर सोडा. मला हे फार पटलं होतं. तक्ते नकोत, सूत्रधाराची जाण हवी. फक्त त्यांचा पंच लढाई बघितलेला असायचा, आणि माझा अनुभव हिंजवडीचा.

अनुभव घरातच होता. आतल्या खोलीत, आवाज बंद करून बातम्या बघत.

बाबा १९७१ साली खडकीच्या बेस वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून लागले आणि साठाव्या वर्षी तिथूनच निवृत्त झाले. बोपोडीच्या आमच्या दोन खोल्यांत सकाळी भोंगा वाजला की घड्याळ लावायचं, आणि संध्याकाळी सायकल भिंतीला टेकल्याचा आवाज आला की आई बादलीत गरम पाणी काढायची. बाबा आधी रॉकेलनं हात धुवायचे, मग लाल साबणानं, आणि तरीही जेवताना त्यांच्या बोटांना ग्रीसचा वास असायचा. मला अजून कुठल्याही गॅरेजपाशी भूक लागते. फौजेच्या ट्रॅकवाल्या गाड्या त्यांच्या हाताखालून गेल्या, पण घरी त्यांनी शौर्याच्या गोष्टी कधी सांगितल्या नाहीत. सांगायचे ते वाळूचं. राजस्थानातून आलेली गाडी उघडली की तिच्या पोटातून वाळू निघायची, बारीक, पिवळसर, इतकी की झाडून कोपऱ्यात ढीग व्हायचा. एकदा त्यांनी ती पुडीत बांधून आणली होती. मी ती शाळेत नेली आणि जैसलमेरची वाळू म्हणून दहा पैशांना चिमूट विकली. बाईंनी पकडलं. बाबांनी मारलं नाही, फक्त विचारलं, "किती उरलीय?"

तर गुरुवारी रात्री दहीभात झाल्यावर मी विचारलं, "बाबा, रुतलेली गाडी काढताना ड्रायव्हर काय करतो?"

"कुठली गाडी?"

"रणगाडा."

"टँक म्हण ना सरळ." मग टीव्हीकडे बघतच म्हणाले, "काय करतो म्हणजे? गाडी तोच काढतो. बाकीचे मदत करतात."

मी कधी चिखलात उतरलो नाही हां, असं आधी बजावून त्यांनी मग तासभर सांगितलं. गाड्या घेऊन येणाऱ्या जवानांकडून ऐकलेलं, यार्डात स्वतः बघितलेलं. चमचे आडवे लावून दोन ट्रॅक केले, मधे लोणच्याची बाटली म्हणजे गाडीचं पोट. टँक एवढा जड, पण पट्ट्यांवर त्याचं वजन इतकं पसरतं की एका चौरस सेंटिमीटरवर किलोभरही भार येत नाही. आपल्या मोटारीच्या टायरखाली दोनेक किलो येतो. म्हणून जिथे मोटार पहिल्याच फुटावर बसते तिथे टँक तरंगल्यासारखा आत जातो. "आणि म्हणूनच फसतो तेव्हा लांबवर जाऊन फसतो." एकदा पोट टेकलं की संपलं, मग पट्टे नुसते चिखल घुसळतात, ड्रायव्हर घाबरून जोर देतो आणि प्रत्येक जोराला गाडी बोटभर खाली जाते. काही टँकांच्या पाठीवर लाकडाचा ओंडका बांधलेला दिसतो तो यासाठीच. तो ओंडका दोन्ही पट्ट्यांना आडवा बांधायचा, पट्टा त्याला खाली ओढून नेतो आणि गाडी त्याच्यावरून स्वतःच चढून येते. ही युक्ती पहिल्या महायुद्धातली, १९१७ च्या मार्क फोर गाड्यांवरची, हे मी पुस्तकात वाचलं होतं. बाबांना साल माहीत नव्हतं, ओंडका किती जड असतो ते माहीत होतं.

मग दोरी. वायर रोप ताणला गेला की सगळ्यांनी निदान दोरीच्या लांबीएवढं लांब उभं राहायचं, कारण तो तुटला तर चाबकासारखा येतो आणि माणूस कापून जातो. आत ड्रायव्हरनं झडप लावून घ्यायची. म्हणजे त्याला दिसतं ते पेरिस्कोपच्या काचेतून, त्यावर चिखल उडालेला. ऐकू काही येत नाही, इंजिन डोक्यात वाजत असतं. समोर लांबवर एक माणूस उभा असतो, एकच, आणि त्याचे हात दिसतात. "दोघांनी इशारे केले की मेलाच तो." त्या एकाच्या हातावर भरवसा ठेवून त्यानं खालच्या गिअरमध्ये, सावकाश, दोरी ताणली जाईल त्याच क्षणी ट्रॅकला ताकद द्यायची. आधी दिली तर गाडी आणखी बसते. नंतर दिली तर दोरी तुटते. "आणि पुढे नाही काढायची. आली तशी मागं. आल्या चाकोरीनं. तिथली माती तिनं आधीच दाबून ठेवलेली असते."

रात्री मी लष्करी रिकव्हरीचे ठोकताळे पुन्हा काढले. वाचले होते, वापरले नव्हते, कंटाळवाणे वाटले होते. गाडी चाकांपर्यंत रुतली तर तिच्या वजनाएवढा ओढा लागतो, चाकांवरच्या पत्र्यापर्यंत रुतली तर दुप्पट, बुरुजापर्यंत रुतली तर तिप्पट. माझी गाडी पत्र्यापर्यंत, म्हणजे ८० टन. माझं विंच २५ टनांचं, डॉक्टरनं एक पुली लावून ते दुप्पट केलं होतं, म्हणजे ५०. ८० टनांचा ओढा आणि ५० टनांची ताकद. वीसच काय, फाशावर दोनशे पडले असते तरी ती गाडी जागची हलायला नको होती. त्याच पानावर खाली दोन ओळी होत्या. रुतलेल्या गाडीनं स्वतःच्या ट्रॅकना ताकद दिली तर ओढ्यात सुमारे ४० टक्के घट. आल्या दिशेनं मागे काढली तर आणखी १० टक्के. म्हणजे ड्रायव्हरनं हात लावला तर ४८ टन, जेमतेम. मागे काढली तर ४०, पुलीचं घर्षण धरूनही सुटेल अशी. माझ्या अख्ख्या प्रसंगातली ही एकच वाट होती आणि ती जिच्या हातात होती तिला मी थांब, सांगतो म्हणून बसवून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर हे कबूल केलं. बँकवाल्यानं अंगठा पाठवला. सरांनी लिहिलं, कर्णाचं चाक रुतलं तेव्हा तो स्वतः रथातून खाली उतरला, हे सगळे सांगतात. सारथी शल्य त्या वेळी काय करत होता, हे कुणी विचारत नाही. डॉक्टरनं लिहिलं, थांबला असेल, सांगतो म्हणाले असतील.

मी हसलो. मग बाबा खांदा चोळत स्वयंपाकघरात आले आणि हसू तिथेच राहिलं.

मागच्या श्रावणात ते न्हाणीघरात घसरले. पडले असंही नाही, भिंतीला धरत धरत खाली बसले आणि कमोड नि भिंतीच्या मधे अडकले. ओली फरशी, अंगाला साबण, वजन नव्वद किलो. मी धावलो, शेजारचा मुलगा आला, खालून वॉचमन आला. त्या अडीच फुटांत आम्ही तिघं, प्रत्येक जण दुसऱ्याला सूचना देतोय, पंचा सरकतोय, बायको बाहेरून डॉक्टरांचा नंबर विचारतेय. मी काखेत हात घालून ओढलं. ते काहीतरी म्हणत होते. मी "बाबा, तुम्ही गप्प राहा, घाबरू नका" म्हणत होतो. दोनदा ओढलं, तिसऱ्यांदा तिघांनी एकदम ओढलं तेव्हा निघाले. हाड शाबूत होतं, खांदा मात्र पंधरा दिवस दुखला आणि पावसाळी हवेत अजून दुखतो. ते काय म्हणत होते ते मी नंतर दोन दिवसांनी विचारलं. "मला पाय टेकवू द्या म्हणत होतो," ते म्हणाले. "पाय चांगले होते की माझे."

त्या दिवशी सगळ्यांनी माझं कौतुक केलं होतं. मुलगा घरात होता म्हणून निभावलं.

प्रसंग मी नव्यानं लिहिला. नदी तीच, चौकटी त्याच, फक्त ड्रायव्हरसाठी वेगळी जागा केली. ती टेबलाशी बसणारच नाही. बाबांच्या खोलीत दाराशी खुर्ची टाकायची, दारात खोक्याचा पुठ्ठा उभा करायचा, पुठ्ठ्याला बोटभर रुंद फट. तिला आमचं बोलणं ऐकू येऊ नये म्हणून कानात हेडफोन आणि त्यात इंजिनची घरघर. फटीतून दिसणार ते आर्किटेक्टचे हात. बाहेरच्यांनी काहीही ठरवलं तरी शेवटी गिअर कधी टाकायचा ते तीच ठरवणार, आणि तिचं ठरलं की तिनं दारावर एक थाप मारायची. थाप आणि दोरीचा ताण एकाच श्वासात आले तर फासा टाकायचा, नाहीतर टाकायचाच नाही. लिहिताना मजा येत होती आणि ती मजा येत असल्याबद्दल मधूनच कसंतरी होत होतं. नव्वद किलोंच्या आठवणीचा मी नियम करत होतो. बाबांना विचारलं, तुमच्या खोलीत चालेल ना? "बसू दे की. मी काही बोलणार नाही." मग थोड्या वेळानं, "काच पुसायला फडकं दे म्हणावं तिला. पेरिस्कोपची."

रविवारी साडेपाचला सुरू केलं. पहिल्या खेळाच्या मानानं हा संथ, जवळपास रटाळ. चिखल काढायचा, गाडीखाली फांद्या सारायच्या, दोर मागच्या बाजूला न्यायचा म्हणजे रिकव्हरीची गाडी अख्खी वळवून आणायची. बँकवाल्यानं दोनदा घड्याळ पाहिलं. आर्किटेक्ट मात्र दुसऱ्याच माणसासारखी झाली. तोंडानं बोलायची सवय मोडेना, चार वेळा ती पुठ्ठ्यासमोर उभी राहून "हळू, हळू" ओरडली आणि मग स्वतःच्या हातांकडे बघत राहिली. पहिली थाप लवकर आली. गाडी आणखी बोटभर खाली, मी कणीक दाबली. दुसरी थाप उशिरा आली, दोर करकरला, डॉक्टरनं वेळेवर विंच सोडलं. तिसऱ्यांदा कितीतरी वेळ काहीच आलं नाही. टेबलाशी कुणी बोलेना. फटीत भाचीचा एक डोळा दिसत होता, न हलणारा. तिच्या मागे पलंगावर बाबा गुडघ्यावर हात ठेवून ताठ बसले होते आणि त्यांचाही डोळा त्या हातांवरच होता.

थाप आली, ताण आला. आर्किटेक्टनं फासा टाकला. नऊ. गाडी हातभर मागे सरकली आणि थांबली.

तेवढ्यात सव्वानऊ झाले. डॉक्टरला पेशंटचा फोन आला, भाचीचं होस्टेल दहाला बंद होतं. मी नकाशावर रात्र पाडली. धरणाचे दरवाजे बंद झाले, पाणी तिसऱ्या चौकटीला टेकून थांबलं, अंधारात दिवा लावून काम करता येणार नाही, म्हणून सगळे टेकाडामागे मुक्कामाला गेले, उजाडताच पुन्हा सुरुवात. कुणाची हरकत नव्हती. भाचीचे कान लाल झाले होते, केस हेडफोननं चपटे झाले होते. चपला घालताना या वेळी ती काहीच बोलली नाही, नुसती मान हलवली आणि लिफ्टनं गेली.

परातीवर ओलं फडकं टाकून मी आत गेलो. बाबांची उशी नीट केली, पुठ्ठा भिंतीला लावला, दिवा मालवला.

"निघाली?" अंधारात त्यांनी विचारलं.

"नाही अजून. हातभर सरकली. आता पुढच्या वेळी."

"म्हणजे पंधरा दिवसांनी?"

"खेळात एकच रात्र आहे, बाबा. सकाळी काढतील."

ते कुशीवर वळले, दुखऱ्या खांद्यावर वजन येणार नाही असे. मला वाटलं, झोपले.

"मग रात्री गाडीपाशी कोण थांबलंय?"

"ड्रायव्हर आहे की आत."

"एकटीच?"

मी पुन्हा दिवा लावला आणि वही आणायला बाहेर गेलो.